डुक्करचा निखळलेला कान

आमच्या सोसायटीतल्या बायका उन्हाळ्यात महाबळेश्वरला जातात आणि परत आल्यावर महिनाभर जिन्यात उभं राहून स्ट्रॉबेरीचं कौतुक सांगतात. मी ह्या मे महिन्यात डोळखांबला जाऊन आले. डोळखांब कुठे, असं सगळ्यांनी विचारलं. शहापूरच्या पुढे, आत, डोंगराच्या कुशीत. तिथे स्ट्रॉबेरी नाही. करवंदं आहेत, ती कोणी कौतुकाने डब्यात भरून देत नाही, आपली आपण काटे खात काढायची. तुम्हाला जावंसं वाटलं तर खुशाल जा. एसटी आहे, जीप आहे. फक्त आमच्या गाडीतून जाऊ नका, एवढं सांगायला हे लिहायला घेतलं आहे.

तर आधी गाडी. सासऱ्यांनी सेकंडहँड घेतलेली, पन्नासच्या दशकातली. नाक पुढे आलेलं, पाठ गोल, म्हणून जुन्या गाड्यांचे शौकीन ह्या मॉडेलला ‘डुक्कर’ म्हणतात. हे लाडाचं नाव आहे बरं का. आमच्या घरात तर ते इतकं रुळलंय की ‘डुक्कर धुतली का’, ‘डुक्करला बाहेर काढ’ असली वाक्यं आम्ही, अंडंसुद्धा न खाणारी माणसं, वरणभात कालवता कालवता बोलतो. गाडी म्हणून ती डुक्कर. तिच्या बाजूच्या आरशाला ‘कान’ म्हणायचं, ही आमच्या ह्यांची भर. कान एकच आहे, उजवीकडचा.

आता हे. ह्यांना मानेचं दुखणं आहे. डॉक्टरांनी पट्टा दिलाय, तो हे गाडी चालवताना लावतात. मान वळत नाही. मागचं बघायचं झालं तर हे कमरेपासून सगळेच्या सगळे वळतात आणि त्यांच्याबरोबर स्टीअरिंगही वळतं. त्यामुळे आमच्या गाडीत ब्रेकच्या खालोखाल मान आहे ती त्या कानाला. आतला, काचेपुढचा आरसा कधीच पिवळा पडलाय, त्यात मागे सूर्य उगवला तरी दिसत नाही.

आणि दामू. अंबरनाथच्या एका कारखान्यात हे स्टोअरमध्ये आणि दामू मशीनवर. दामूची बायको कल्याणच्या दवाखान्यात बाळंत झाली तेव्हा नेमका एसटीचा संप होता. ह्यांनी डुक्कर काढली, मागच्या सीटवर बाळ-बाळंतीण आणि दामू, आणि थेट डोळखांबच्या पुढच्या त्यांच्या पाड्यावर नेऊन सोडलं. सगळा पाडा बघायला जमला. आमच्या ह्यांना चार माणसं जमली की बोलायचा मोह आवरत नाही. म्हणाले, “दामू, हिला घरी मी आणली, आता सासरी पण मीच पोचवणार. ह्याच गाडीतून.”

असं आपण सगळेच बोलतो. दामूने ते खरं धरलं. कारखाना बंद पडला, दामू गावी जाऊन शेती करायला लागला, आमचे हे रिटायर झाले, आणि गेल्या चैत्रात दामू पत्रिका घेऊन दारात उभा. त्या बाळाचं, वनिताचं, लग्न ठरलं होतं, मुलगा मुरबाडचा. मुलाकडचे नवरीसाठी नवीकोरी पांढरी गाडी पाठवायला तयार होते. दामूने साफ नको म्हणून सांगितलं होतं.

“मी बोललो त्यांना, आमची गाडी ठरल्याली हाय. पोरगी जल्मली तवाच ठरली,” दामू म्हणाला. “सगल्या पाव्हन्यांना सांगून झालंय, वयनी. आता भाऊंवर हाय.”

मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी माझ्याकडे बघण्यासाठी सगळं अंग वळवलं, आणि मला कळलं की आपण जाणार.

शहापूर

हळदीच्या दिवशी सकाळी निघालो. शहापूरला स्टँडजवळ चहाला थांबलो. गाडी सावलीत लावून हे ऐटीत बाकावर बसले, कोणी गाडीबद्दल विचारतंय का याची वाट बघत. विचारलं कोणी नाही. पण एक कॉलेजकुमार आला, त्याने आमचा कान स्वतःच्या उंचीला वळवला, खिशातून कंगवा काढला आणि भांग पाडला. त्याच्या मागे त्याचा मित्र. तो उंच, त्याने कान वर केला. मग एक कंडक्टर आले, त्यांनी टोपी काढून खाली केला. मग एक जाडजूड मिशांचे गृहस्थ, ते तर गाडीवर रेलूनच मिशीतला पिकलेला केस उपटायला लागले. आमच्या डोंबिवलीत परक्या गाडीला हात लावला तर लोक अंगावर येतात. इथे उभ्या गाडीचा आरसा ही गावची सोय आहे, पाणपोईसारखी.

“अहो, बोला ना काहीतरी,” मी म्हणाले.

“किती प्रेमाने बघतायत गाडीकडे,” हे म्हणाले.

“गाडीकडे नाही, स्वतःकडे बघतायत.”

मिशीवाल्यांनी केस उपटला तोच कट्ट असा आवाज झाला आणि कान मान टाकून खाली लोंबायला लागला. गृहस्थ सज्जन होते. त्यांनी तो दोनदा वर करून बघितला, दोन्ही वेळा तो खाली आला. “ढिलाच व्हता,” असं आम्हाला समजावून ते एसटीत चढले.

पलीकडेच गॅरेज होतं. तिथल्या मिस्त्रींनी खाली वाकून, बोट घालून, तोंडाने चक् चक् करून बघितलं. “आटे गेलेत काका. बोल्ट घुमतोय नुस्ता. ह्या मापाचा बोल्ट आता कुटं भेटायचा? काढून टाकू का आरसा?”

“काढून टाकलात तर मी मागचं बघू कसं?”

“मान फिरवून.”

ह्यांनी गळ्यातल्या पट्ट्याकडे बोट दाखवलं. मिस्त्रींनी सहानुभूतीने मान हलवली आणि ट्रकचा एक भलामोठा आरसा आणून दाखवला. तो लावला असता तर गाडी उजवीकडे कलंडली असती. मग स्कूटरचा दाखवला. हे इतके दुखावले की पट्ट्यासकट सगळेच्या सगळे दुसरीकडे वळले. शेवटी मिस्त्रींनी सायकलच्या ट्यूबची पट्टी बोल्टला गुंडाळली, आरसा दाबून बसवला आणि म्हणाले, “एकदम फिट. फक्त खड्ड्यातून नेऊ नका.”

डोळखांबच्या रस्त्यावर ही अट कशी पाळायची ते त्यांनी सांगितलं नाही. आम्ही गॅरेजच्या दारातला उतार उतरलो आणि कान पुन्हा लोंबला. मग मी पिशवीतून सुतळी काढली. सुतळी माझ्या पिशवीत नेहमी असते, त्यावरून हे मला नेहमी हसतात, त्या दिवशी हसले नाहीत. आरशाच्या दांडीला सुतळीचे वेढे देऊन दुसरं टोक ताणून मागच्या दाराच्या मुठीला बांधलं. कान उभा राहिला. थरथरत होता, पण उभा होता.

ह्या भानगडीत उशीर झाला. दामू काळजी करेल म्हणून ह्यांनी एसटीडी बूथवरून फोन केला. पाड्यावर फोन नाही. डोळखांबच्या नाक्यावर एक किराणा दुकान आहे, तिथे निरोप द्यायचा, दुकानदार जीपवाल्याला सांगणार, जीपवाला घरी सांगणार. मी बूथच्या दारातच उभी होते, त्यामुळे निरोप शब्दन् शब्द ऐकला. मला त्यात काही वावगं वाटलं नाही हे कबूल करायला हवं, कारण आमच्या घरात आम्ही असंच बोलतो.

हे मोठ्याने म्हणाले, “दामूच्या घरी सांगा, डुक्कर घेऊन निघालोय. शहापुरात आहे. कान निखळलाय, सुतळीने बांधलाय. संध्याकाळच्या आत पोचतो म्हणावं, दुसरी काही सोय करू नका.”

डोळखांबच्या रस्त्यावर

हा रस्ता मात्र बघण्यासारखा आहे. मागे माहुलीचे सुळके, पुढे डोंगरांची रांग, आणि मधे भाताची खाचरं, त्या दिवसांत उन्हाने तडकलेली. काही खाचरांत काळे चौकोन दिसले. मला वाटलं वणवा लागला होता. नंतर कळलं की पेरणीच्या आधी तिथे पालापाचोळा आणि शेण घालून जमीन भाजून घेतात, राब म्हणतात त्याला. रस्त्याकडेला बायका पानांच्या द्रोणात करवंदं आणि जांभळं घेऊन बसल्या होत्या. आम्ही थांबलो की त्या हसून सुतळीकडे बघायच्या.

सुतळीने बांधलेल्या आरशात दिसायचं सगळं, पण थरथरत. एसटी आहे की बैलगाडी, हे ह्यांना कळेना. तेव्हा मागचं बघायचं काम माझ्याकडे आलं. मी सीटवर गुडघे टेकून, मागे तोंड करून बसले. साठीला आलेली बाई नऊवार नाही तरी पाचवार नेसून अशी बसली म्हणजे काय दिसत असेल ते तुम्हीच ठरवा.

“मागे काय?”

“जीप.”

“लांब की जवळ?”

“ड्रायव्हरच्या कपाळावर टिळा आहे.”

“म्हणजे जवळ.”

टपावर माणसं बसलेली ती जीप बाजूने गेली. टपावरच्यांनी मला हात केला, मीही केला. किन्हवलीचा फाटा गेला तोवर माझी मान ह्यांच्यासारखी झाली होती.

हळद

पाड्यावर पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. दारात मांडव, मांडवाला आंब्याच्या डहाळ्यांचे टाळे, आणि मांडवाबाहेर निदान तीसेक पुरुष आमची वाट बघत उभे. दोघांच्या हातात दोर होते. एकाच्या हातात कोयता. मागे तीन दगडांच्या चुलीवर पाण्याचं मोठं पातेलं, आणि बायकांनी वाटलेल्या मसाल्याचा असा घमघमाट की मला ठसका लागला. मी मनात म्हटलं, काय हे स्वागत. आमच्याकडे लग्नघरी गेलं तर आधी कोणी पाणी विचारत नाही.

दामू दिसला नाही, तो काही खरेदी राहिली म्हणून मुरबाडला गेला होता. त्याचे थोरले भाऊ बाळूदादा पुढे आले. हळदीच्या जेवणाचं सगळं त्यांच्याकडे होतं. ते खिडकीत वाकले आणि हळू आवाजात म्हणाले, “आनला का?”

“आणली की,” हे म्हणाले.

“वाटंत फॉरेस्टवाला नाय ना भेटला?”

“नाही हो. भेटला असता तर खूश झाला असता.”

बाळूदादांना हे फार धीट उत्तर वाटलं असावं. त्यांनी मागे वळून मंडळींकडे बघितलं. “जित्ता हाय ना अजून?”

“म्हणजे काय. चाळीस वर्षं झाली, अजून चढावर ऐकत नाही कोणाला.”

“चालीस वर्सं?” बाळूदादा म्हणाले. मागे कोणीतरी म्हणालं, “शिजायचा नाय रे.”

“फक्त कानाचं दुखणं,” हे म्हणाले आणि त्यांनी सुतळी दाखवली. सगळी मंडळी पुढे सरकली. सगळ्यांनी सुतळी बघितली. मग मागची सीट बघितली. तिथे माझी पिशवी आणि आहेराची साडी. मग एकाने गाडीला फेरी मारून डिकी उघडली. डिकीत स्टेपनी आणि पाण्याचा कॅन.

“डुक्कर कुटंय?” बाळूदादांनी विचारलं.

“हीच की,” हे म्हणाले आणि त्यांनी बॉनेटवर प्रेमाने थाप मारली.

दोरवाल्या दोघांनी हातातले दोर खाली ठेवले. पातेल्यातलं पाणी उकळत होतं तेवढाच आवाज. मग हळूहळू सगळा उलगडा झाला. दुपारी जीपवाल्याने निरोप आणला, पाव्हणे शहापूरवरून डुक्कर घेऊन येतायत, कान तुटलाय, सुतळीने बांधलंय, दुसरी सोय करू नका. हळदीच्या रात्री ह्या भागात मटण लागतंच. मटण नसेल तर हळद लागली असं कोणी मानत नाही. आमच्याकडे हळदीला अंगाला लावलेली हळद धुवायला गरम पाणी मिळालं तरी पुष्कळ. बाळूदादांनी विचार केला, शहरचे पाहुणे एवढं रानडुक्कर घेऊन येतायत, मग बोकड कशाला? खालच्या पाड्यावरचा ठरवलेला बोकड त्यांनी नको म्हणून कळवलं. सगळ्या पाड्याला सांगून झालं होतं की आज डुकराचं मटण.

“अहो, आम्ही अंडंसुद्धा खात नाही,” मी म्हणाले.

“आमी बोललो, तुमी खात नाय तरी आनताय, किती मोठं मन,” बाळूदादा म्हणाले. ते बिचारे रडकुंडीला आले होते.

तेवढ्यात दामू मुरबाडहून आला. त्याला सगळं सांगितलं. तो खाली बसला, डोक्यावरचं मुंडासं तोंडात कोंबून हसला, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. मग एकदम त्याचं हसू गेलं. “मंग आता पाव्हन्यांना वाढायचं काय?”

बोकड अजून खालच्या पाड्यावर होता. चालत आणायला गेलं तर यायला रात्र होणार, जीप सगळ्या वऱ्हाडात अडकलेल्या. सगळ्यांनी वळून आमच्या गाडीकडे बघितलं. डुक्कर आणायची कबुली दिलीच होती, तेव्हा बोकड आणायला नाही म्हणायला तोंड नव्हतं. आम्ही दोघं आणि बाळूदादा निघालो.

तुम्ही बोकडाबरोबर गाडीत बसला नसाल. बसू नका. तो मागच्या सीटवर ह्यांच्या मागे उभा राहिला, बाळूदादांनी त्याला कवटाळून धरलं, आणि त्याने खिडकीतून मान बाहेर काढून प्रवासाचा आनंद घ्यायला सुरुवात केली. मी पुढे, मागे तोंड करून, नेहमीच्या कामावर. माझं आणि त्याचं नाक वीतभर अंतरावर. मला त्याच्याकडे बघवेना, कारण त्याला पुढचं काही माहीत नव्हतं आणि मला होतं.

“मागे काय?” ह्यांनी विचारलं.

“बोकड.”

“त्याच्या मागे?”

“तो बघू देईल तर ना.”

पाडा जवळ आला आणि माझ्या लक्षात आलं की बोकड काहीतरी चघळतोय. मागच्या दाराच्या मुठीला बांधलेली सुतळी. मी ओरडेपर्यंत त्याने ती गिळलीसुद्धा. डुक्करचा कान एकदा खाली लोंबला आणि गचका खाऊन रस्त्यावर पडला. हे गाडी थांबवून, कधी नव्हे ते मान सांभाळत धावत गेले. राखेसारख्या मऊ धुळीत पडला होता म्हणून काच शाबूत राहिली. त्यांनी तो पदराने पुसायला माझ्याकडे दिला आणि मी दोनदा पुसला.

हळद छान झाली. पाहुणे जेवले. आम्हाला दामूच्या बायकोने वेगळं बसवून तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं आणि कैरीची चटणी वाढली. अशी मऊ, पापुद्रा सुटणारी भाकरी मला तीस वर्षांत जमलेली नाही. आमच्याकडे लग्न भटजी लावतात. इथे धवले गाणारी बाई, धवलारीण, लग्नाचे विधी गाण्यातूनच करते. गोमाबाई तिचं नाव. ती पाटावर बसून गात होती, आणि मधेच तिने डुक्कर, कान आणि बोकड एका ओळीत असे काही गुंफले की बायका एकमेकींच्या अंगावर पडून हसल्या. आमचे हे सगळ्यांत मोठ्याने हसत होते. मग गोमाबाईने गाणं थांबवलं, ह्यांच्या मांडीवरच्या आरशाकडे बोट केलं आणि निर्वाणीचं सांगितलं.

“मोडका आरसा नवरीच्या गाडीला चालायचा नाय. नीट बसवा, नायतर पोरगी दुसऱ्या गाडीतून जाईल.”

“आरसा लावलाच नाही तर?” मी विचारलं.

“मग भाऊ चालवनार कशी?” दामू म्हणाला. मानेचं त्याला माहीत होतं. तो आता हसत नव्हता. “आन मुलाकडच्यांना काय सांगू? गाडी नको बोललो मी त्यांना. त्यांची पांढरी गाडी येनारच हाय वऱ्हाडासोबत, मोकळी.”

गोमाबाईपुढे कोणाचं काही चालत नाही. नवरीचा बापही तिच्यासमोर आवाज चढवत नाही. ह्यांनी मला हळूच विचारलं, “पिशवीत अजून सुतळी आहे?” मी नाही म्हणाले. होती, पण सुतळीवर नवरी पाठवायला माझंही मन घेईना.

लग्न

सकाळी हे विहिरीवर आंघोळीला गेले. मी पडवीत केळीची पानं पुसत बसले होते. दामू आरसा घेऊन गाडीपाशी गेला. पाइप गळतात त्याला लावायची ती पुट्टी असते ना, दोन रंगांचे गोळे एकत्र मळायचे, वाळली की दगड होते, ती त्याच्याकडे शेतातल्या पंपासाठी आणलेली होती. अंगात लग्नाचा नवा सदरा, कपाळाला हळद, आणि माणूस गाडीच्या दाराशी उकिडवा बसून पुट्टी मळतोय. त्याने आरसा नीट दाबून बसवला. मग मागचं दार उघडून आत बसला. उतरला, आरशाला अगदी थोडं वळवलं, पुन्हा आत जाऊन बसला. असं बराच वेळ चाललं.

“दामूभावजी, बोकडाचा वास गेला का सीटचा?” मी विचारलं.

“बगतोय, वयनी,” तो म्हणाला.

मग त्याने भोवती दोन काटक्या टेकवून आरसा धरून ठेवला आणि वाळेपर्यंत तिथेच राखण करत उभा राहिला. भांग पाडायला आलेल्या दोन वऱ्हाड्यांना त्याने हाकलून दिलं. हे आंघोळ करून आले तर आरसा असा घट्ट की लोंबकळलं तरी हलेना. गोमाबाईने येऊन हाताने दाबून बघितला, त्याला हळदकुंकू लावलं आणि मान डोलावली. आमच्या ह्यांनी दामूला मिठी मारली.

लग्न दुपारी लागलं. त्याबद्दल मी फार लिहीत नाही, लग्न सगळीकडे उकडतंच. दामू दिवसभर पायाला भिंगरी लावल्यासारखा फिरत होता. बँडवाल्याशी भांडला, पाण्याच्या पिंपावरून वरबापाशी थट्टा केली, जेवणाच्या पंगतीत स्वतः वाढायला घेतलं. बायकोचे डोळे सकाळपासून लाल, पण हा गडी कोरडाच्या कोरडा. मुलाकडच्यांची पांढरी गाडी झेंडूच्या माळा घालून रस्त्यावर उभी होती. तिच्याकडे बोट करून तो वरबापाला म्हणाला, “ती तुमच्या म्हाताऱ्यांना द्या. पोरगी आमच्या गाडीतून जाईल.”

मुरबाडच्या वाटेवर

पाठवणीची वेळ झाली. गोमाबाईने वनिताला गाडीपाशी आणलं आणि तिच्या कानाशी, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, “आता मागं वळून बगायचं नाय गो. नवरीने माहेराकडं वळून बगू नये. सरळ म्होरं बग.” आमच्याकडे नवरी दाराशी वळून वळून रडते आणि फोटोग्राफर नेमके तेवढेच फोटो काढतो. इथे तेही नाही. मला ते फार कडक वाटलं, पण परक्या मांडवात बोलायचं कसं?

वनिता डाव्या बाजूने चढत होती. दामूने तिचा हात धरून तिला वळसा घालून उजवीकडे आणलं, ह्यांच्या बरोबर मागे बसवलं. नवरदेव डावीकडे बसला. दामूने दार लावलं, छतावर दोनदा थाप मारली आणि म्हणाला, “भाऊ, हलू न्या.”

गाडी निघाली. मागे वऱ्हाडाच्या जीपा, पांढरी गाडी, टेम्पो. पाड्याची कमान मागे पडते न पडते तोच ह्यांची कुरकुर सुरू.

“अगं, ह्या आरशात काय दिसतंय? रस्ता कुठेय? नुसती शेतं दिसतायत. आता आंब्याचं झाड. आता म्हैस. मी मुरबाडपर्यंत म्हशी बघत जाऊ?”

“वळवा ना थोडा.”

“वळत नाही. दगड झालाय. ह्या दामूला सांगायला हवं होतं, ड्रायव्हरच्या सीटवर बसून लावायचा असतो. ह्याने कुठे बसून लावला कोण जाणे.” ते खिडकीतून हात बाहेर काढून आरशाला धक्के द्यायला लागले. “जोर लावला तर तुटेल तरी, मग बघू.”

मी माझ्या कामावर, गुडघे टेकून मागे तोंड करून बसले. मागे काय येतंय ते सांगायला बघितलं, तर आधी वनिता दिसली. ताठ बसली होती, मान सरळ, गोमाबाईने सांगितल्यासारखी. मुंडावळ्यांच्या आड तिचे डोळे मात्र उजवीकडे, ह्यांच्या खांद्यावरून बाहेर, त्या आरशावर खिळलेले. तिच्या मागे, पाठीमागच्या काचेतून, रस्त्याच्या मधोमध दामू उभा होता. जीपवाले त्याला वळसा घालून येत होते. तो बाजूला होत नव्हता. त्याने मुंडासं काढून तोंडावर धरलं होतं, आणि ह्या वेळी तो हसत नव्हता. दिवसभर कोरडा राहिलेला माणूस भररस्त्यात उभा राहून लहान मुलासारखा रडत होता.

ह्यांनी पुन्हा आरशाला हात घातला.

“काका,” वनिता म्हणाली, मान जराही न वळवता. “आरसा हलवू नका ना. बाबा दिसतायत.”

ह्यांचा हात तिथेच थांबला. मग त्यांनी तो आत घेतला आणि स्टीअरिंगवर ठेवला.

“दामू उभा आहे अजून?” त्यांनी मला विचारलं.

“आहे.”

त्यांनी गिअर टाकायला हात नेला होता, तो परत आणला. जोरात नेली असती तर कच्च्या रस्त्यावरची धूळ उडाली असती. डुक्कर चालत्या माणसाच्या चालीने जायला लागली. मागच्या जीपने हॉर्न दिला, मग टेम्पोने, मग पांढऱ्या गाडीने. नवरदेवाने एकदा मागे वळून बघितलं, मग वनिताकडे बघितलं, आणि खिडकीतून हात काढून मागच्यांना थांबा अशी खूण केली.

“मागे काय?” हे म्हणाले.

“ओरडतायत सगळे.”

“ओरडू देत.”

ओढ्याच्या पुलापाशी रस्ता डोंगराकडे वळतो. वळण संपेपर्यंत वनिता तशीच ताठ बसून राहिली. मग तिने मुंडावळ्या बाजूला सारून पदराने डोळे पुसले आणि पाठ टेकली.

“काका,” ती म्हणाली, “आता घ्या जोरात.”